तोळाभर गोळी आणि सव्वातीनशे किलोंचा एल्क

ऑगस्टमधल्या एका शनिवारी भाच्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन पेट्या मांडल्या. प्रत्येकीत २० काडतुसं. तिन्हींवर कॅलिबर एकच, ३०० विनचेस्टर मॅग्नम, पण आतल्या गोळ्या तीन वेगवेगळ्या जातींच्या. ‘मामा, यातली कुठली?’ एवढंच त्याने विचारलं. त्याला पहिल्यांदाच नर एल्कचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या थोराड हरणाचा, टॅग मिळाला होता. टॅग म्हणजे एक जनावर मारायची परवानगी. ऑक्टोबरअखेरचा रायफल हंगाम होता आणि जागा अमेरिकेतल्या वायव्य कोलोरॅडोतलं फ्लॅट टॉप्सचं पठार, साधारण १०,००० फूट उंचीवरचं. उत्तर द्यायला मला दोन महिने लागले. ते दोन महिने आणि पुढचे तीन दिवस असं हे प्रकरण आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण बोलताना सगळ्यालाच गोळी म्हणतो. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी, आणि इथे प्रश्न तिचाच आहे. आमच्या घरात बंदूक म्हणजे आजोबांची बाराबोअर, कराडकडची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. उसात डुकरं शिरली की एलजी भरायचं की एसजी, म्हणजे कुठल्या मापाचे मोठे छरे, एवढीच निवड असायची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचा विषय जवळपास संपलाच. पुण्यात वाढलेल्या भाच्याला तर बाराबोअर म्हणजे भिंतीवरची शोभेची वस्तू. कोलोरॅडोत मात्र परवाना, टॅग, हंगाम आणि किती जनावरं मारायची याचा हिशेब हे सगळं राज्याचं खातं ठरवतं. एल्क मारला की मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे.

गोळ्यांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. भाचा ते ग्रॅममध्ये करायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. सोनाराचा आजचा दहा ग्रॅमचा नव्हे, आजीच्या काळचा ११.६६ ग्रॅमचा. एल्कसाठी ३०० मॅग्नममध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी गोळी नेमकी तोळाभर असते. पुढचं सगळं आम्ही तोळ्यातच बोललो.

समोरचं जनावर म्हणजे सव्वातीनशे किलोंच्या आसपासचा नर. काश्मीरच्या दाचिगाममधला हंगुल त्याचा जवळचा नातलग, पण हा बराच थोराड. जाड कातडी, त्यावर वाळलेला चिखल, आत खांद्याचं रुंद हाड आणि त्यामागे फुफ्फुसं. नेम फुफ्फुसांवर धरायचा, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. जनावर आडवं उभं असेल तर गोळीला फक्त बरगड्या ओलांडायच्या असतात आणि मग जवळपास कुठलीही चालते. प्रश्न जनावर तिरकं उभं असलं की येतो.

भाच्याने तक्ता करून आणला होता. इंजिनिअर माणूस. तिन्ही गोळ्यांचा ३००, ४०० आणि ५०० यार्डांवरचा वेग, तिथे गोळी किती इंच खाली येते, वारा किती ढकलतो, सगळं अगदी चोख. मी तो खालपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘यात ५० यार्डांचा रकाना कुठाय?’

‘पन्नासला काय मामा, तिथे तर कुठलीही गोळी लागेलच.’

लागेल हो. लागल्यावर काय होईल, ते विचार.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम होती, १९६२ साली आलेलं कॅलिबर आणि अमेरिकेच्या पश्चिमेत घरोघरी दिसणारं. गोळी साधी, हलकी, पातळ कवचाची. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. तिने ती हरणांसाठी बनवली होती. मी ती ४० यार्डांवर तोंड माझ्याकडे करून तिरक्या उभ्या असलेल्या एल्कच्या खांद्यावर झाडली. एल्क पडला, उठला आणि गेला. दिवसभर माग काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला तेव्हा कोल्ह्यांनी मागचा भाग खाल्लेला होता. खांद्यावर ताटलीएवढी उथळ जखम, हाडाच्या पृष्ठभागावर शिशाचा चुरा आणि आत फुफ्फुसापर्यंत जेमतेम एक तुकडा पोचलेला. गोळी बाहेरच फुटली होती. त्या रात्री मी कशी झोप काढली, ते राहू दे.

हेच एका नावाजलेल्या माणसाच्या बाबतीत १९४६मध्ये ब्रिटिश कोलंबियात झालं होतं. जॉन नॉस्लरने ३०० एच अँड एच मॅग्नममधून एका मूसवर, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणावर, गोळ्या झाडल्या. त्या चिखलाने माखलेल्या कातडीवर आणि खांद्यावरच फुटत राहिल्या, मूस उभाच. नॉस्लरने परत येऊन तांब्याच्या मिश्रधातूची कांडी दोन्ही टोकांनी कोरली, मधे एक पडदा ठेवला आणि दोन्ही खळग्यांत शिसं भरलं. पुढचा अर्धा भाग फुलून, फुटून जावो, पडद्यामागचा अर्धा तसाच आत घुसत राहतो. तीच पार्टिशन गोळी. १९४८मध्ये त्याने कंपनी काढली आणि ती गोळी आजही विकली जाते. जर्मनांकडे याच धर्तीची एच-आकाराची गोळी त्याआधीच होती, पण अमेरिकेत ही कल्पना रुजवली नॉस्लरनेच.

आता मॅग्नमचा, म्हणजे जास्त दारूच्या, जास्त वेगाच्या काडतुसाचा मुद्दा. लोक मॅग्नम घेतात ती लांबवर जोर राहावा म्हणून, आणि तो राहतोही. ३०० विनचेस्टर मॅग्नममधून तोळाभर गोळी सेकंदाला साधारण २,९५० फुटांनी, म्हणजे ९०० मीटरनी सुटते. ३०० यार्डांवर वेग उरतो २,४०० फुटांच्या आसपास. साध्या ३०८ विनचेस्टरमधून तीच गोळी नळीच्या तोंडाशीच २,६०० ने निघते. म्हणजे मॅग्नमची गोळी २०० यार्डांवर ज्या वेगाने पोचते, तो ३०८चा सुटतानाचा वेग. त्या आतल्या टापूत मॅग्नमची गोळी जे सोसते, ते ३०८च्या गोळीच्या वाट्याला कधी येतच नाही. ५० यार्डांवर तिचा वेग साधारण २,८५०. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ३०० यार्डांच्या मानाने तिथे आघात सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. गोळी फुटायची असेल तर ती लांबवर फुटत नाही, जवळ फुटते. आणि फ्लॅट टॉप्सवर गवताळ माळ जितके आहेत, तितकीच स्प्रूसची, सुईसारख्या पानांची काळी झाडीही आहे. हंगामातल्या दुसऱ्या दिवशी गोळीबार सुरू झाला की एल्क माळ सोडून त्याच झाडीत शिरतात.

म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. गोळी निवडायची ती सगळ्यात लांबच्या नेमासाठी नाही, सगळ्यात जवळच्या वाईट नेमासाठी. लांबचा नेम न मारण्याची मोकळीक तुला आहे. पन्नास पावलांवर एल्क समोर येऊन तिरका उभा राहिला, तर तेव्हाची परिस्थिती तू निवडलेली नसते.

तीन पेट्या आणि मग चौथी

पहिल्या पेटीत २०० ग्रेनची, म्हणजे तोळ्याहून थोडी जड, लांब पल्ल्याची गोळी. निमुळती, टोकाला प्लॅस्टिकचं अणकुचीदार टोक, आत शिसं, बाहेर कवच. वारा कापत जाते, लांबवर वेग मंदावला तरी फुलते. भाच्याचा जीव हिच्यात अडकला होता, कारण तक्त्यात तीच पहिली येत होती. दुसरी तोळाभर पार्टिशन. तिसरी पूर्ण तांब्याची, तीही तोळाभर. शिसं नाहीच. टोकाला पोकळ छिद्र आणि त्यात प्लॅस्टिकचं टोक. आघात झाला की छिद्राच्या कडा चार पाकळ्यांसारख्या मागे वळतात आणि बाकीचा दांडा तसाच पुढे जातो. ही कल्पना बार्न्स कंपनीने १९८०च्या दशकाच्या शेवटी एक्स नावाने आणली. पुढे अंगावर खाचा पाडलेली टीएसएक्स आली आणि मग टोकदार टीटीएसएक्स. आता जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीकडे तिची अशी एक गोळी आहे. चौथी जात, जिच्यात शिसं कवचाला चिकटवून टाकलेलं असतं, ती आम्हाला दुकानात मिळाली नाही. मिळाली असती तर हे प्रकरण वेगळं झालं असतं.

कायद्याला यातली कुठलीही चालते. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ०.२४ इंची कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. ३०० मॅग्नम ही हद्द तिपटीच्या आसपास ओलांडते. लष्करी, न फुलणारी गोळी मात्र बेकायदा. ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर मैलभर पळून मरतं.

मग आम्ही मैदानावर गेलो. १०० यार्ड, पुठ्ठ्याचं निशाण, प्रत्येक गोळीचे तीन-तीन फैरींचे तीन गट. दोन जातींच्या मधे नळी घासून साफ करायची. तांब्याचा थर एका जातीचा असला आणि त्यावर दुसरी झाडली तर पहिले काही नेम भटकतात, असा माझा अनुभव आहे. लांब पल्ल्याच्या गोळीने पाऊण इंचात तीन छिद्रं पाडली. भाचा माझ्याकडे बघून हसला. पार्टिशन दीड इंचात. तोळाभर तांब्याची मात्र सव्वादोन इंचांवर पसरली.

याचं एक कारण सांगता येतं. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तांब्याची ८.९ पट. त्याच जाडीची आणि त्याच वजनाची तांब्याची गोळी त्यामुळे लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला तिला जास्त फिरकी लागते. ही फिरकी नळीतले आटे देतात. ३०० मॅग्नममध्ये बहुधा दर १० इंचांत एक वेढा असतो, तो कागदावर १८० ग्रेन तांब्याला पुरतो. पण नळीच ती, तिला तिच्या लहरी असतात. तांब्यात एक पायरी हलकं जावं, हा जुना सल्ला आहे. गोळी फुटत नसल्यामुळे वजन कमी असलं तरी बिघडत नाही. आम्ही १६५ ग्रेनची पेटी आणली. सव्वा इंच. नळीला ती आवडली.

दुसऱ्या आठवड्यात ५० यार्डांवर दुधाचे गॅलनचे डबे पाण्याने भरून ओळीने लावले. पाणी म्हणजे एल्क नव्हे, त्यात हाड नाही, त्यामुळे याला प्रयोग म्हणण्यापेक्षा पोरखेळ म्हणा. पण बघण्यासारखा होता. लांब पल्ल्याच्या गोळीने पहिले दोन डबे फाडून हवेत उडवले. चौथ्यात तिच्या कवचाची चिंधी आणि शिशाचे खडे मिळाले. सगळ्यात मोठा तुकडा ६८ ग्रेन, २०० पैकी. पार्टिशन पाचव्यात, १८० पैकी १२१ ग्रेन, पुढचं शिसं गेलेलं, मागचा अर्धा जशाचा तसा. म्हणजे तोळ्यातलं दोन तृतीयांश परत. तांब्याची सहाव्या डब्यात, चारही पाकळ्या उमललेल्या. काट्यावर ठेवली, १६३ ग्रेन. दोन ग्रेन गेले.

‘मामा, सोनारसुद्धा यापेक्षा जास्त घट धरतो.’

पहिल्या गोळीवर मी फुली मारली, पण तिची बाजूही सांगायला हवी. उघड्या माळावर ३५० यार्डांवर आडव्या एल्कच्या बरगड्यांत ती लागली, तर या तिघींत जनावर सगळ्यात लवकर तीच पाडेल. फुफ्फुसांत ती फुटते आणि तिथे फुटणंच हवं असतं. तांब्याचं उलट आहे. वेग २,००० फुटांच्या खाली गेला की पाकळ्या नीट उघडतील याची मला खात्री वाटत नाही, आणि न उघडलेली तांब्याची गोळी म्हणजे निव्वळ भोसका. पण १६५ ग्रेन ३,१०० ने सुटते. २,००० ची हद्द यायला तिला ५०० यार्डांच्या आसपास जावं लागतं, आणि उंचावरच्या विरळ हवेत त्याहून पुढे.

तेवढ्या लांबचा विचार करायचं कारणही उरलं नाही. सप्टेंबरभर मी भाच्याला बाकावरून उठवून काठ्यांच्या टेकूवर, मांडी घालून, गुडघ्यावर नेम धरायला लावला. दहा इंची लोखंडी ताटली हे फुफ्फुसांच्या जागी. दहात नऊ लागायला हव्यात, ही अट. २५० यार्डांपर्यंत लागल्या. ३०० ला सहा. मॅग्नमचा धक्का त्याला खाऊ लागला होता. मी त्याला न सांगता मधूनच एक पोकळ काडतूस भरून द्यायचो. चाप ओढला की बार होत नाही, पण खांदा पुढे झेपावतो आणि डोळे मिटतात. ते त्याचं त्यालाच दिसलं. तक्त्यातले ४०० आणि ५०० चे रकाने त्याने स्वतःच्या हाताने पुसले. २५० ची हद्द गोळीने नाही, त्याच्या खांद्याने ठरवली.

उरल्या दोघी. पार्टिशन की तांबं, यात रायफलचा कौल तांब्याकडे होता, पण फरक पाव-अर्ध्या इंचाचा. त्याने एल्क वाचत नाही. निकाल लागला तो भाच्याच्या दोन वर्षांच्या मुलीमुळे. २००८मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे बारीक कण सापडले, आणि राज्याच्या आरोग्य खात्याने ते मांस टाकून द्यायला सांगितलं. कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पार्टिशनचा पुढचा अर्धा भाग म्हणजे तेच शिसं. शिवाय रानात टाकलेली आतडी गरुड आणि कावळे खातात. कॅलिफोर्नियाने कॉन्डर गिधाडांसाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. वायोमिंगच्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात एल्कची संख्या आटोक्यात ठेवायला जी शिकार होते, तिथेही शिसं चालत नाही. कोलोरॅडोत अशी सक्ती नाही. आमचं घरचं मांस वर्षभर आमटी-खिम्यात जाणार होतं, तेवढं कारण पुरलं.

तिसरा दिवस

पहिले दोन दिवस माळावर गेले. एल्क दिसले ते ६०० यार्डांवर, दुर्बिणीतून. भाचा गप्प बसला, आणि मला ते कुठल्याही नेमापेक्षा जास्त आवडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही झाडीत शिरलो. उघड्यावर चार बोटं बर्फ, झाडांखाली ओल्या सुयांचा काळा थर. अंगावर नारिंगी जॅकेटं, नियमाप्रमाणे ५०० चौरस इंच. वारा तोंडावर. सव्वानऊच्या सुमारास डाव्या हाताला फांदी मोडल्याचा आवाज आला आणि एक नर आडव्या पडलेल्या खोडामागून पुढे आला. अंतर मी नंतर मोजलं, ५५ यार्ड. छाती आमच्याकडे तिरकी, उजवा खांदा पुढे. जसा नेम मिळू नये म्हणून मी दोन महिने बोलत होतो, अगदी तसाच.

भाच्याने खांद्याच्या टोकावर नेम धरला आणि चाप ओढला. नर पुढच्या पायांवर बसल्यासारखा खचला, मग वळला आणि झाडीत गेला. मला एकदम ते ७ एमएमचे दिवस आठवले. घड्याळ काढून अर्धा तास थांबलो. अर्धा तास फार मोठा असतो.

उभा होता तिथे केसांचा पुंजका आणि हाडाची एक पांढरी चिप. रक्त नाही. पुढे तीस पावलं रक्त नाही. तांब्याच्या गोळीवर जो जुना आरोप आहे तो इथे खरा ठरला. छिद्र छोटं पडतं आणि सुयांच्या थरावर माग उमटत नाही. आम्ही हात-गुडघ्यांवर रांगत शोधलं. मी खुरांचे ठसे बघत होतो, भाचा फांद्यांच्या खालच्या बाजू. त्यालाच पहिला थेंब एका खोडावर, कमरेच्या उंचीवर दिसला, फेसाळ गुलाबी. फुफ्फुसाचं रक्त. चाळीस मिनिटांनी एल्क सापडला, पहिल्या जागेपासून जेमतेम सत्तर पावलांवर, दोन खोडांच्या मधे. सरळ रेषेत गेलो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं.

कापताना आम्ही गोळीचा रस्ता शोधला. उजव्या खांद्याचं हाड तुटलं होतं, दोन्ही फुफ्फुसं फाटली होती आणि डाव्या बाजूला शेवटच्या बरगड्यांमागे बाहेर पडायचं छिद्र होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. इतक्या जवळून, तिरक्या छातीतून, लांबवर जाऊन आरपार. उजव्या फऱ्यातलं रक्ताळलेलं मांस सव्वा किलोच्या आसपास टाकावं लागलं, हाड फुटलं की ते होतंच. पार्टिशननेही हे काम केलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बाहेर पडली नसती कदाचित, पण फुफ्फुसांपर्यंत नक्की गेली असती. पहिल्या पेटीतल्या गोळीवर मी पैज लावली नसती. एका जनावरावरून यापुढे काही म्हणू नये.

चार फेऱ्यांत मांस गाडीपर्यंत आणलं. तिसऱ्या फेरीनंतर भाचा काही बोलत नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात त्याला मादीचा टॅग मिळवायचाय, खालच्या सेजब्रशच्या झुडपांच्या उघड्या टेकड्यांवर. तिथे झाडी नाही आणि पन्नास यार्डांवर काही येत नाही. त्याने परवा पुन्हा विचारलं, मामा, यातली कुठली. या वेळी तक्त्यात ५० चा रकाना होता. मी सांगितलं, चिकटवलेल्या शिशाची पेटी मिळते का बघ, आणि मुलीच्या वाटणीचं मांस जखमेपासून हातभर लांबचं ठेव.

रात्री ताईचा कराडहून व्हिडिओ कॉल आला. मांसाचे पुडे फ्रीजरमध्ये रचलेले बघून तिने पहिलं विचारलं ते, ‘आणि गोळी कुठाय? दाखव की.’ भाच्याने माझ्याकडे बघितलं. गोळी सापडलीच नव्हती. आरपार गेलेल्या गोळीचं तसंच असतं. लोक डबीत जपून ठेवतात त्या आत अडकलेल्या असतात. ‘एखाद्या झाडात असेल आई,’ तो म्हणाला, आणि पाण्याच्या डब्यात मिळालेली १६३ ग्रेनची चार पाकळ्यांची तांबडी गोळी कॅमेऱ्यासमोर धरली.